सशांची पैदास आणि पैदाशीच्या सशांची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ससे भराभर वाढतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. म्हणून पुष्कळ जण नर आणि मादी एका पिंजऱ्यात सोडतात आणि वाट बघत बसतात. मग प्रश्न सुरू होतात: मादीने पिल्लं टाकली, मादी दूध पाजत नाही, पिल्लं एकेक करून मरताहेत. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ मेटिंगच्या आधी मादी कशी होती यात सापडतं, म्हणून खालच्या उत्तरांत पिल्लांइतकंच, किंबहुना जास्तच, मादीबद्दल लिहिलं आहे.

पैदास करावी की नाही, हे कसं ठरवू?

आधी पिल्लांचा हिशेब करा. मध्यम आकाराच्या जातीची मादी एका वेताला साधारण ६ ते ८ पिल्लं देते, कधी १० ते १२ सुद्धा. तीन महिन्यांच्या आत नर-माद्या वेगळे करावे लागतात आणि नर मोठे झाले की एकमेकांना चावून रक्तबंबाळ करतात, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र जागा लागते. ही पिल्लं कोणाकडे जाणार हे मेटिंगच्या आधी माहीत नसेल, तर थांबा.

"एकदा तरी व्याली पाहिजे, नाहीतर मादीची तब्येत बिघडते" हे खरं नाही. वय वाढलं की, विशेषतः चार वर्षांनंतर, माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार असतं, पण एखाददुसरं वेत झाल्याने तो टळत नाही. नुसती पाळण्यासाठी असलेली मादी असेल तर सशांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडून तिचं गर्भाशय काढून घेणं हा तिच्या भल्याचा मार्ग आहे.

सुरुवात किती सशांपासून करावी?

एक नर आणि दोन किंवा तीन माद्या. एक तंदुरुस्त नर ८ ते १० माद्यांना पुरतो हे खरं, पण पहिल्या वर्षी तुम्हालाच शिकायचं असतं. दोन माद्या मात्र हव्यातच, आणि त्यांचं मेटिंग एकाच दिवशी करावं. एकीचं दूध आटलं तर दुसरी तिची पिल्लं सांभाळू शकते. एकटी मादी असली की हा आधार राहत नाही.

विकत घेताना ससा कसा तपासायचा?

घाई करू नका. ससा हातात घेतल्याशिवाय आणि उलटा करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

ओठ बाजूला करून पुढचे दात बघा. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे यायला हवेत. टोकाला टोक भिडत असेल किंवा खालचे दात बाहेर येत असतील, तर तो ससा पैदाशीला नको. हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो, आणि सशाचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे अशा पिल्लांचे पुढे खाण्याचे हाल होतात.

मग नाक. नाक कोरडं दिसलं तरी पुढच्या पायांची आतली बाजू बघायला विसरू नका. सर्दी असलेला ससा नाक पायांनी पुसत राहतो, त्यामुळे तिथले केस चिकटून गुठळ्या झालेल्या असतात. विकणारा नाक पुसून ठेवेल, पायांकडे त्याचं लक्ष नसतं. पाश्चुरेला जंतूमुळे होणारी ही सर्दी औषधाने दबते, पण बऱ्याचदा समूळ जात नाही आणि मादीकडून पिल्लांना लागते.

कानात आत तपकिरी खपल्या असतील तर ती खरूज आहे. ती बरी होते, पण बाकीच्या सशांची काळजी कशी घेतली जाते हे त्यातून कळतं. मागच्या पायांचे तळवे केसांनी भरलेले हवेत. तिथे टक्कल किंवा जखम असेल तर जड मादी गाभणपणात पाय नीट टेकू शकत नाही. शेपटीखालचा भाग स्वच्छ, खपल्या आणि फोड नसलेला हवा. मादीचे सड मोजा, किमान ८ हवेत. आणि शक्य असेल तर तिच्या आईने किती पिल्लं दिली आणि किती जगवली, ते विचारा. सुंदर दिसणाऱ्या मादीपेक्षा पिल्लं जगवणाऱ्या आईची मुलगी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

नवा ससा लगेच बाकीच्यांजवळ ठेवला तर चालेल का?

नाही. किमान ३० दिवस वेगळ्या जागी ठेवा, भांडी वेगळी ठेवा आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी करा. जुनं खाद्य थोडं सोबत मागून घ्या आणि आठवडा-दहा दिवसांत हळूहळू तुमच्या खाद्यावर आणा. खाद्य एकदम बदललं की हगवण लागते.

मेटिंगसाठी योग्य वय कोणतं?

लहान जातींच्या माद्या साधारण ५ महिन्यांनी तयार होतात. न्यूझीलंड व्हाइट, कॅलिफोर्नियन यांसारख्या मध्यम जातींना ५ ते ६ महिने लागतात आणि फ्लेमिश जायंटसारख्या मोठ्या जातींना ८ ते ९ महिने. नराला मादीपेक्षा महिनाभर जास्त द्या. वयाइतकंच वजनही बघा: जातीच्या पूर्ण वजनाच्या किमान तीन-चतुर्थांश वजन भरलं पाहिजे.

फार लवकर नेलेली मादी स्वतः वाढायची थांबते. पण उलट टोकही वाईट आहे. वर्ष-दीड वर्ष रिकामी ठेवून, भरपूर खाऊ घालून मग पहिल्यांदा नराकडे नेलेली मादी गाभ धरायला त्रास देते, कारण तोवर अंडाशयाभोवती चरबी साठलेली असते.

भावा-बहिणीचं मेटिंग केलं तर काय बिघडतं?

एखाद्या वेताला काहीच दिसणार नाही, आणि फसगत तिथेच होते. जवळच्या नात्यात दडलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात. दातांचे दोष, कमकुवत पिल्लं, कमी पिल्लं हे सगळं एक-दोन पिढ्यांनी वर येतं. अनुभवी पैदासकार एखादा गुण पक्का करण्यासाठी बाप-मुलगी किंवा आजोबा-नात असं मेटिंग करतात, पण ते काटेकोर नोंदी ठेवून आणि दोष दिसलेली जनावरं निर्दयपणे बाजूला काढून. नवख्याने नात्याबाहेरचा नर आणावा.

ठेंगण्या आणि ठिपकेवाल्या सशांबद्दल वेगळं काही आहे का?

आहे. नेदरलँड ड्वार्फसारख्या ठेंगण्या जातींत ठेंगणेपणाचं जनुक पिल्लाला आई आणि बाप दोघांकडून आलं, तर ते पिल्लू जगत नाही. अशा दोन खऱ्या ठेंगण्या सशांच्या मेटिंगमध्ये सरासरी चारातलं एक पिल्लू असं निघतं. ते बाकीच्यांपेक्षा खूप लहान, फुगीर डोक्याचं असतं आणि सहसा काही दिवसांतच जातं. यात तुमची किंवा मादीची चूक नसते.

ठिपकेवाल्या दोन सशांच्या मेटिंगमध्येही चारातलं एक पिल्लू जवळजवळ पूर्ण पांढरं, अगदी थोडे ठिपके असलेलं निघतं. अशा सशांना मोठ्या आतड्याचा गंभीर त्रास होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ठिपकेवाला आणि एकरंगी अशी जोडी लावणं बरं.

पिंजरा किती मोठा हवा?

पिल्लांसह मध्यम जातीच्या मादीला निदान ९० बाय ६० सेंटिमीटर जागा आणि ४५ सेंटिमीटर उंची, शिवाय घरट्याची पेटी ठेवायला जागा. याहून मोठा देता आला तर जरूर द्या. जाळीचा तळ स्वच्छतेला सोपा, पण त्यावर एक सपाट फळी टाकाच. सतत तारेवर बसून तळवे सोलवटतात. पैदाशीची प्रत्येक मादी स्वतंत्र ठेवा.

हवा खेळती हवी. पिंजऱ्यापाशी सशाच्या नाकाच्या उंचीला वाका. तुमच्या डोळ्यांना झोंबलं तर ते लघवीतून सुटणाऱ्या अमोनियामुळे, आणि ससा चोवीस तास तीच हवा घेतोय.

उन्हाळ्यात माद्या गाभ का धरत नाहीत?

बऱ्याचदा दोष नराचा असतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे आणि जोरजोरात श्वास घेऊन बाहेर टाकतो. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर बरेच दिवस राहिलं की नराचं वीर्य बिघडतं, आणि गारवा आल्यावरही ते पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्यामुळे उन्हाळा संपल्यावर पहिल्या काही मेटिंग फुकट गेल्या तर नर लगेच बदलू नका.

नराला सगळ्यांत थंड, सावलीची जागा द्या. पाण्याची बाटली गोठवून पिंजऱ्यात आडवी ठेवली की ससे तिला टेकून बसतात. कान ओल्या फडक्याने पुसा. तोंड उघडं टाकून धापा टाकणारा ससा म्हणजे उष्माघात. त्याला ताबडतोब सावलीत हलवा, साध्या पाण्याने कान आणि पाय भिजवा आणि पशुवैद्याला गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. शेवटच्या आठवड्यातली गाभण मादी उन्हाने सगळ्यांत आधी जाते, म्हणून कडक उन्हात विणं येईल असं मेटिंग मी टाळायला सांगेन.

पैदाशीच्या सशांना काय आणि किती घालायचं?

पाया सुक्या गवताचा. ते दिवसभर समोर हवं. त्यातल्या तंतूंवर आतडी चालतात आणि दात झिजतात. त्याच्या जोडीला पेलेट खाद्य, म्हणजे दाबून केलेल्या कोरड्या गोळ्या: पैदाशीच्या माद्यांसाठी १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि किमान १४ ते १६ टक्के तंतू असलेलं.

रिकाम्या मादीला आणि नराला पेलेट मोजूनच द्या, ४ ते ५ किलोच्या सशाला दिवसाला साधारण १२० ते १५० ग्रॅम. गाभणपणाच्या पहिल्या पंधरवड्यात तेवढंच. शेवटच्या दहा-बारा दिवसांत थोडं थोडं वाढवा. व्याल्यावर तीन-चार दिवसांत वाढवत नेऊन मग हवं तेवढं खाऊ द्या, कारण तिसऱ्या आठवड्यात दूध सर्वांत जास्त असतं आणि मादी तेव्हा रिकाम्या मादीच्या दुप्पट-तिप्पट खाते.

पाणी! पाजणारी मादी दिवसाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी पिऊ शकते. पाण्याच्या बाटलीचं निपल तुंबलं आहे हे संध्याकाळी लक्षात आलं तर तेवढ्यात दूध कमी झालेलं असतं. रोज बोटाने निपल दाबून बघा.

हिरवा चारा ताजा, धुऊन निथळलेला आणि माफक द्या. लसूणघास पाजणाऱ्या मादीला चांगली, पण रिकाम्या सशाला तिचा मारा नको, कॅल्शियम जास्त असतं. बुरशी लागलेलं गवत किंवा पेलेट फेकून द्या, त्याने गाभ पडतो. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला देऊ नका. ससा पहाटे शेपटीखाली तोंड घालून काहीतरी खाताना दिसला तर घाबरू नका. ती मऊ लेंडी असते, आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेली जीवनसत्त्वं त्यातून त्याला परत मिळतात.

मादी जाड आहे की बारीक, हे केसांतून कसं ओळखू?

तळहात पाठीच्या कण्यावरून मागे न्या. मणके गोलसर उंचवट्यांसारखे एकेक करून हाताला लागले तर अंग बरोबर. टोचले तर बारीक. लागलेच नाहीत तर जाड. दर आठवड्याला एकदा तरी हा हात फिरवा. जाड मादी ही पैदाशीतली सगळ्यांत जास्त दिसणारी आणि सगळ्यांत कमी ओळखली जाणारी अडचण आहे, कारण ती दिसायला छान दिसते.

मादी माजावर आहे हे कसं कळतं?

गाई-म्हशींसारखं ठराविक दिवसांचं माजाचं चक्र सशात नसतं. मादी बऱ्याच दिवसांच्या टप्प्यात नर घ्यायला तयार असते, मधे थोडे दिवस नसते, आणि अंडं सुटतं ते मेटिंग झाल्यावर साधारण १० तासांनी. तयार मादी हनुवटी भांड्यांवर घासते, अस्वस्थ असते, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग उचलते. पक्की खूण योनिमुखाची: फिकट आणि लहान असेल तर वेळ नाही, गुलाबी-लालसर आणि किंचित सुजलेलं असेल तर आज नेता येईल.

मेटिंग नेमकं कसं करायचं?

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या. उलट कधीही नाही. मादी आपली जागा राखते आणि तिथे आलेल्या नरावर तुटून पडते. नर तिच्या जागेत गेला तर वास घेत फिरत बसतो आणि कामाचं विसरतो.

नराच्या पिंजऱ्यातली भांडी काढून घ्या. सकाळची किंवा संध्याकाळची गार वेळ निवडा. तयार मादी थोडं पळते, मग अंग लांब करून मागचा भाग उचलते. नर चढतो आणि काही सेकंदांत एका बाजूला किंवा मागे धप्पकन पडतो, पुष्कळदा बारीक आवाज काढून. हे पडणं दिसलं म्हणजे मेटिंग झालं. दुसऱ्यांदा पडू द्या आणि मादीला तिच्या पिंजऱ्यात परत ठेवा. ८ ते १२ तासांनी पुन्हा एकदा नेलं तर गाभ धरण्याची शक्यता वाढते.

तिथून हलू नका. दोघांना सोडून दुसऱ्या कामाला गेलात तर झालं की नाही ते कळणार नाही आणि भांडणात नराच्या अवयवाला चावा बसू शकतो. दहा मिनिटांत काही झालं नाही तर मादी काढून घ्या, दुसऱ्या दिवशी बघा. तारीख लगेच लिहा.

मादी नर घेतच नाही. काय करू?

आधी शरीर तपासा: जाड आहे का, अंग गळतंय का, शेपटीखाली फोड आहेत का. दिवस लहान झाले की माद्या मंदावतात. दिवसाचा उजेड धरून एकूण १४ ते १६ तास प्रकाश मिळेल अशी सोय केली की फरक पडतो. तिला नराच्या शेजारच्या पिंजऱ्यात दोन दिवस ठेवा. काही जण मादीला धरून मेटिंग करवतात. धरून एकदा मदत करणं ठीक, पण सतत धरावी लागणारी मादी पैदाशीला ठेवू नये, हा स्वभाव मुलींतही उतरतो.

गाभण आहे हे किती दिवसांनी कळतं?

१० ते १४ दिवसांच्या दरम्यान पोट चाचपून. बाराव्या दिवशी सगळ्यांत सोपं जातं. मादीला टेबलावर खडबडीत फडक्यावर ठेवा, एका हाताने खांद्यांपाशी धरा आणि दुसरा हात पोटाखाली मागच्या पायांच्या पुढे न्या. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि अगदी हलका दाब. गर्भ असतील तर द्राक्षाएवढे, मऊ, बोटांमधून निसटणारे गोळे ओळीने लागतात. लेंड्या कण्याजवळ, लहान आणि टणक लागतात. सुरुवातीला गाभण नसलेल्या मादीचं पोटही चाचपून बघा, म्हणजे फरक हाताला कळेल. दाबू नका, त्याने गर्भ जातात.

नराकडे पुन्हा नेऊन गाभण ओळखायची पद्धत भरवशाची नाही. गाभण मादी कधी कधी नर घेते आणि रिकामी मादी कधी कधी नाकारते.

सतराव्या दिवशीच केस उपटून घरटं करतेय. इतक्या लवकर?

ही खोटी गाभण. मेटिंग होऊन गर्भ राहिला नाही, किंवा एकत्र ठेवलेल्या माद्या एकमेकींवर चढल्या, तरी अंडं सुटतं आणि शरीराला गाभण असल्यासारखं वाटतं. १६ ते १८ दिवसांनी हे संपतं. मादीला तेव्हा त्रास देऊ नका. संपल्यावर ती पुन्हा गाभ धरायला तयार असते.

घरट्याची पेटी कशी आणि कधी ठेवायची?

गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा, म्हणून २८व्या दिवशी. आधी ठेवली तर ती त्यात लघवी करते. मध्यम जातीसाठी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ ते ३० उंच. फार मोठी पेटी नको, पिल्लं विखुरतात. पुढची बाजू १५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे मादीला उडी मारता येते आणि सडाला चिकटलेलं पिल्लू सहसा बाहेर ओढलं जात नाही. तळाला पाणी निथळायला छिद्रं, त्यावर लाकडाचा कोरडा जाड भुसा आणि वर भरपूर मऊ सुकं गवत. तळ गुळगुळीत असला तर पिल्लांचे मागचे पाय फाकतात. पेटी मादीच्या लघवीच्या कोपऱ्यात ठेवू नका.

मादी गळ्याखालच्या पोळीचे आणि पोटाचे केस उपटून अंथरते. त्यामुळे सडही मोकळे होतात. पहिलटकरणीने केस काढले नाहीत तर व्याल्यावर तिच्या पोटाचे थोडे केस तुम्हीच हळूच काढा, ते सहज सुटतात. चांगलं घरटं करणाऱ्या मादीचे जास्तीचे स्वच्छ केस पिशवीत जपून ठेवा, अशा वेळी कामाला येतात.

व्यायच्या वेळी मी जवळ थांबू का?

नको. मादी बहुधा रात्री किंवा पहाटे वीण उरकते, अर्ध्या तासाच्या आत. तुमचं काम सकाळी आहे. मादीला थोडा आवडता पाला देऊन पेटी बाहेर काढा. वरचे केस बाजूला करा: खाली उबदार, हलणारा ढीग दिसला पाहिजे. पिल्लं मोजा, मेलेली आणि राहिलेली वार काढा, ओलं गवत बदला आणि केस पुन्हा वर पांघरून पेटी त्याच जागी ठेवा.

दिवस भरले तरी व्याली नाही.

३२ दिवसांपर्यंत शांत राहा. एक-दोनच पिल्लं असली की ती मोठी होतात आणि उशीर होतो. ३३वा दिवस उलटला, किंवा मादी कळा देतेय आणि काही बाहेर येत नाही, किंवा रक्त जातंय, तर पशुवैद्य. कळा आणणारं इंजेक्शन स्वतःहून देऊ नका, पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

शेवटच्या आठवड्यात मादीने खाणं सोडलं, सुस्त झाली, तोंडाला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, तर ती गाभणपणातली विषबाधा. जाड माद्यांना होते आणि तासागणिक बिघडते. सकाळपर्यंत थांबू नका.

मादी पिल्लांजवळ जातच नाही. दूध पाजत नाही का?

बहुतेक वेळा पाजते, तुम्हाला दिसत नाही इतकंच. ससीण चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. रानात पिल्लांजवळ बसून राहणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं.

पिल्लांकडे बघा. पोट गोल, कातडी ताणलेली आणि आतलं दूध पांढरं दिसत असेल तर सगळं ठीक. पोट आत गेलेलं, कातडीला सुरकुत्या आणि हात लावला की पिल्लू तोंड वर करून उसळत असेल तर ते उपाशी आहे. तेव्हा मादीला रोज एका ठरलेल्या वेळी पेटीत ठेवून हळुवार धरा, पाच मिनिटं. चार-सहा दिवसांत बहुतेक माद्या स्वतः पाजू लागतात.

पिल्लांना माणसाचा हात लागला तर आई टाकून देते, हे खरं का?

नाही. रोज तपासलेलं घरटं न तपासलेल्या घरट्यापेक्षा चांगलं. हात धुवा, आधी मादीला कुरवाळा आणि मग पिल्लांना हात घाला.

पिंजऱ्याच्या तळाशी थंडगार पिल्लू सापडलं. मेलं का?

गरम करून बघितल्याशिवाय मेलं म्हणू नका. नवजात पिल्लाच्या अंगावर केस नसतात, ते एकटं ऊब टिकवू शकत नाही आणि थंड पडलं की निपचित होतं. डोकं वर धरून अंग ३८ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवा, मग पूर्ण कोरडं करा. किंवा कपड्याच्या आत पोटाशी धरा. गुलाबी होऊन हालचाल करू लागलं की पिल्लांच्या ढिगाच्या मध्यभागी ठेवा. थंड पिल्लाला दूध पाजू नका, ते पचत नाही.

मादीने पिल्लं खाल्ली. तिला काढून टाकू का?

एका वेतावरून नाही. पुष्कळदा मादी मेलेलं पिल्लू खाते, किंवा वार चाटताना नवखेपणाने कान किंवा शेपूट चावते. पाणी संपलेलं असणं, कुत्रा-मांजर-उंदीर पेटीपाशी येणं, आवाज, कमी प्रथिनं ही नेहमीची कारणं. कारणं दूर करून दुसरी संधी द्या. तेही वेत तसंच गेलं तर तिची पैदास थांबवा.

दुसऱ्या मादीखाली पिल्लं कशी लावायची?

दोन्ही वेतांच्या वयात तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नको. दत्तक पिल्लं तिच्या पिल्लांच्या मधे ठेवून तिचेच केस वर घाला आणि तासभर थांबून पेटी परत ठेवा. बहुतेक माद्या काहीच कुरकुर करत नाहीत. एका मादीला सडांइतकीच, म्हणजे आठच्या आसपास पिल्लं ठेवा. एक अपवाद कडक पाळा: कासदाह झालेल्या, म्हणजे सड गरम, कडक, निळसर-लाल झालेल्या मादीची पिल्लं निरोगी मादीखाली लावू नका. ती जंतू घेऊन जातात.

पिल्लांची वाढ बरोबर चाललीय हे कसं ओळखू?

चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर लव दिसते. १० ते १२ दिवसांत डोळे उघडतात. बाराव्या दिवशीही डोळा चिकटलेला असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा आणि हळूच उघडा, आत पू साठला तर डोळा जातो. अठरा ते एकवीस दिवसांत पिल्लं पेटीबाहेर येऊन आईचं खाद्य चाखतात. तिथून पुढे पेटी काढा.

दूध कधी तोडायचं?

पाच ते सहा आठवड्यांनी. चार आठवड्यांच्या आत कधीच नाही. पिल्लांना हलवू नका, मादीला हलवा. ओळखीच्या जागेत, ओळखीच्या खाद्यावर राहिली की ताण कमी पडतो. दूध तोडल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यांत धोक्याचे: पोट फुगणं, शेंबडासारखी हगवण, कॉक्सिडिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी). या काळात सुकं गवत भरपूर, पेलेट मोजून आणि नवीन पाला बंद. पिल्लांच्या लेंड्या भांड्यात पडणार नाहीत अशी भांडी बसवा.

नर-मादी ओळखायला जमत नाही.

आठ आठवड्यांनी बऱ्यापैकी सोपं होतं. शेपटीखालचं तोंड दोन बोटांनी हळूच दाबा: नराचं गोल नळीसारखं वर येतं, मादीची शेपटीकडे जाणारी उभी चीर दिसते. वृषण १० ते १२ आठवड्यांत उतरतात. शंका असेल तर आठवड्याने पुन्हा बघा आणि तीन महिन्यांच्या आत वेगळे करा.

पुन्हा मेटिंग कधी?

व्याल्यावर काही तासांतही मादी गाभ धरू शकते, म्हणून नर तिच्याजवळ असताच कामा नये. व्यावसायिक ठिकाणी १०-११ दिवसांनी नेतात. मी याच्या विरोधात आहे. मादी एका वेताला पाजतेय आणि पोटात दुसरं वेत वाढवतेय, यात ती आतून रिकामी होते. पिल्लांचं दूध तोडून, मणक्यांवर हात फिरवून, अंग भरलं असेल तरच न्या. वर्षाला चार वेतं पुष्कळ झाली.

नराची वेगळी काळजी काय?

आठवड्यात दोन-तीन मेटिंगपेक्षा जास्त नको, तरुण नराला तीन-चार दिवसांचा खंड. महिन्यातून एकदा वृषण आणि अवयव तपासा. फोड किंवा खपल्या म्हणजे सशांमधली गरमी, म्हणजे मेटिंगमधून पसरणारा रोग, असू शकतो, आणि एक नर तो सगळ्या माद्यांना देतो.

कोणती औषधं घरात ठेवू?

जखमा धुवायचं सलाइन, थर्मामीटर आणि पशुवैद्याचा नंबर. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने नकोत. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन तोंडावाटे दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरून ससा दगावतो. पेनिसिलिन द्यायचं ते पशुवैद्य इंजेक्शनने देतात. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठी असलेलं फिप्रोनिल सशाला कधीच लावू नका. बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या तर ती तातडी समजा.

नोंदी किती ठेवायच्या?

प्रत्येक मादीच्या पिंजऱ्यावर एक कार्ड: आई-बाप, मेटिंगची तारीख आणि नर, व्याल्याची तारीख, जिवंत आणि मेलेली पिल्लं, दूध तोडताना किती उरली आणि त्यांचं वजन. कानात गोंदलेला क्रमांक असला तर चूक होत नाही. पुढच्या पिढीची मादी निवडताना "तोडताना किती उरली" हा रकाना आधी वाचा.

पैदास कधी थांबवायची?

बहुतेक माद्यांचा पैदाशीचा काळ अडीच ते तीन वर्षांचा. पिल्लं कमी होत जाणं, लागोपाठ दोन-तीनदा गाभ न धरणं, वेतानंतर अंग न भरणं, लघवीतून रक्त दिसणं ही थांबायची लक्षणं आहेत. रक्त दिसलं तर गर्भाशय तपासून घ्या. निवृत्त मादीला पेलेट कमी, गवत जास्त आणि मोठी मोकळी जागा द्या. तिच्यासाठी एक पिंजरा पहिल्या दिवसापासूनच धरून ठेवायचा असतो.